बुरशीचा न्यूमोनिया : अशक्त प्रतिकारशक्तीच्या माणसाने शेतकामात घ्यावयाची काळजी

पावसात भिजलेली कडब्याची गंजी सोडली की पेंढ्यांच्या आतून राखाडी-हिरवट धूळ उठते व कुबट वास सुटतो. बंद कणगी उघडताना, मळणीनंतरचे भुस्कट भरताना किंवा कंपोस्टचा खड्डा उपसताना हाच अनुभव येतो. ही धूळ म्हणजे निव्वळ माती नव्हे. तिच्यात बुरशीचे कोट्यवधी सूक्ष्म बीजकण असतात. धडधाकट शेतकरी दोनचार वेळा शिंकतो, खोकतो व कामाला लागतो. परंतु ज्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या एखाद्या रोगाने अथवा औषधाने क्षीण झालेली आहे, अशा प्रौढ माणसाच्या फुप्फुसात हेच बीजकण रुजतात आणि जीवघेणा न्यूमोनिया उत्पन्न करतात.

पूर्वी असे रुग्ण खेड्यात क्वचितच आढळत. आज मूत्रपिंडाचे रोपण झालेले, कर्करोगावर उपचार घेतलेले आणि अनेक वर्षांचा मधुमेह असलेले लोक उपचारांमुळे बरे होऊन आपल्या गावी परततात व शेतीची कामे पुन्हा हाती घेतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अशा माणसांना कोणत्या कामापासून जपावे, हे घरच्यांना व ग्रामकार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी हा पाठ आहे.

बुरशी फुप्फुसात कशी शिरते?

बुरशीच्या असंख्य जातींपैकी अस्परजिलस ही जात या रोगात प्रमुख आहे. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ मध्ये तिचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार त्याला चर्चमधील पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला, म्हणून त्याने हे नाव दिले. तिच्यातील ‘फ्युमिगेटस’ हा प्रकार माणसाला सर्वांत अधिक उपद्रव देतो. कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर तो जगतो व ५० अंश सेल्सियसच्या उष्णतेतही वाढू शकतो. कंपोस्टचा ढीग आतून तापतो तेव्हा इतर अनेक बुरशा मरतात, पण ही टिकते. माणसाच्या शरीराची ३७ अंशांची ऊब तर तिला सहज मानवते.

तिचे बीजकण दोन ते साडेतीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, एवढेच असतात. त्यामुळे नाकातील केसांत व श्लेष्म्यात न अडकता ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपण प्रत्येक जण रोज शेकडो बीजकण श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी शरीरात तेथील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात आणि जे त्यातून सुटून अंकुरतात त्यांना रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट करतात.

शेताची उपमा द्यावयाची तर तणाचे बी प्रत्येक वाफ्यात पडतच असते. जेथे खुरपणी वेळेवर होते तेथे तण माजत नाही. शरीरातील खुरपणी करणारे हात म्हणजे या पेशी होत. ते हात थकले की बीजकणाला धागे फुटतात, ते धागे फुप्फुसात पसरतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीही भेदतात. वाहिनी बंद पडली की त्यापुढील भाग मरतो. म्हणूनच या रोगात थुंकीतून रक्त पडते.

जपावयाची माणसे कोणती?

पुढील माणसांनी विशेष सावध राहावे :

१. कर्करोगावरील औषधांनी ज्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आहेत.

२. मूत्रपिंड, यकृत किंवा अस्थिमज्जा यांचे रोपण झाल्यामुळे ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात.

३. दमा, संधिवात, त्वचारोग इत्यादींसाठी जे दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात.

४. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही.

५. ज्यांना एच.आय.व्ही.ची बाधा असून औषधोपचार सुरू नाही किंवा खंडित झाला आहे.

६. क्षयरोग बरा झाल्यावर ज्यांच्या फुप्फुसात पोकळी राहिली आहे.

तिसऱ्या गटाबद्दल थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. गुडघेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या व गोळ्या बाजारात मिळतात. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. अशी औषधे घेऊ नयेत. परंतु जे पुष्कळ दिवस स्टिरॉइड घेत आले आहेत त्यांनी ते आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नये. तसे करणेही घातक ठरते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मात्रा हळूहळू कमी करावी.

बुरशीचे निरनिराळे प्रकार

अस्परजिलसखेरीज आणखी तीन प्रकारांची ओळख असावी.

*म्युकर वर्गातील बुरशी.* शिळ्या भाकरीवर किंवा सडक्या फळावर कापसासारखी वाढणारी बुरशी याच वर्गातील आहे. रक्तातील साखर फार वाढून रक्तात आम्लता आली की या बुरशीला आयते खाद्य मिळते, कारण अशा रक्तात तिला हवे असलेले लोह मोकळे होते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह व स्टिरॉइड यांचा संयोग झालेल्या हजारो रुग्णांना या रोगाने ग्रासले. महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी झाले, ते तेव्हाच. त्या वेळी बहुतेकांच्या नाकाला, डोळ्याला व जबड्याला बाधा झाली. परंतु हीच बुरशी फुप्फुसातही उतरते.

*न्यूमोसिस्टिस.* या जंतूला पूर्वी प्राणिवर्गातील सूक्ष्मजीव समजत. त्याच्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून १९८८ मध्ये तो बुरशीच असल्याचे दिसून आले. जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना या जंतूचा न्यूमोनिया झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. एड्स रोगाची जगाला झालेली पहिली ओळख ती हीच. या प्रकारात कोरडा खोकला व चालताना लागणारी धाप ही लक्षणे कित्येक आठवडे हळूहळू वाढत जातात.

*क्रिप्टोकोकस.* हा कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढतो, फुप्फुसातून शरीरात शिरतो व पुढे मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचतो. माळ्यावरची कबुतरांची घाण झाडणे हे काम म्हणून अशक्त माणसाकडे देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वांत गंभीर गटात अस्परजिलस फ्युमिगेटस व क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स यांची गणना केली आहे.

रोग ओळखावा कसा?

ताप, खोकला, दीर्घ श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे, धाप लागणे आणि थुंकीत रक्त दिसणे ही मुख्य लक्षणे होत. साध्या न्यूमोनियातही यांपैकी बरीच लक्षणे आढळतात. म्हणून खरी खूण वेगळीच आहे. ती अशी की, प्रतिजैविक औषधे सुरू करून तीन-चार दिवस झाले तरी ताप हटत नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, बुरशीवर चालत नाहीत. करप्यावर कीटकनाशक फवारून जसा उपयोग होत नाही, तसेच हे आहे.

ज्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या आहेत किंवा जे स्टिरॉइड घेतात, त्यांच्यात ताप व कफ अगदी बेताचा असू शकतो. म्हणून ‘ताप थोडाच आहे’ असे समजून थांबू नये. कर्करोगावरील औषधे चालू असताना आलेला ताप तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

क्षयरोगाशी होणारा घोटाळाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जुन्या क्षयाच्या पोकळीत बुरशी वाढली की खोकला, वजनात घट व थुंकीतून रक्त ही क्षयाचीच लक्षणे पुन्हा दिसतात. अशा वेळी थुंकीत क्षयाचे जंतू न सापडता क्षयाची औषधे पुन्हा पुन्हा दिली जातात व रोगी खंगत जातो. थुंकीची तपासणी वारंवार निर्दोष येत असेल तर ‘बुरशीची तपासणी करावी काय?’ असे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

निदानासाठी थुंकीची तपासणी, छातीचे सी.टी. स्कॅन, रक्ताच्या विशेष चाचण्या आणि आवश्यक वाटल्यास दुर्बिणीने फुप्फुसातील द्रव काढून केलेली परीक्षा यांचा उपयोग होतो. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभी काहीही दिसत नाही, असे घडू शकते.

उपचार

उपचार रुग्णालयातच होतात. अस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे मुख्य औषध होय. ते किमान सहा ते बारा आठवडे द्यावे लागते. म्युकरवर ते चालत नाही. तेथे ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून देतात व शक्य तेथे शस्त्रक्रियेने मेलेला भाग काढून टाकतात. न्यूमोसिस्टिसवर को-ट्रायमोक्साझोल गुणकारी आहे. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीच्या रक्तातील सी.डी. ४ पेशी दर घनमिलिमीटरला २०० पेक्षा कमी झाल्यास हेच औषध प्रतिबंधासाठीही देतात. उशीर झाला तर यांपैकी कोणत्याही औषधाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून लवकर दाखवणे हाच खरा उपाय आहे.

शेतात व घरी घ्यावयाची काळजी

अशक्त प्रतिकारशक्तीच्या माणसाने शेती सोडावी असे नाही. त्याने कामाची निवड करावी. पाणी देणे, फळे व भाजी तोडणे, हिशेब ठेवणे, उघड्या हवेतील देखरेख ही कामे डॉक्टरांना विचारून करता येतील. परंतु पुढील कामे घरातील निरोगी माणसांनी करावी : बुरसलेली वैरण काढणे, जुन्या कणग्या व कोठ्या झाडणे, भुसा भरणे, मळणी यंत्रापाशी उभे राहणे, कंपोस्ट वा शेणखत उपसणे, जुनी भिंत पाडणे.

एखादे धुळीचे काम टाळता येतच नसेल तर तोंडाला नुसते उपरणे बांधून भागत नाही. बीजकण कापडाच्या विणीतून सहज आत जातात. नाक-तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा वापरावा. मात्र मुखवटा लावला म्हणजे कितीही वेळ धुळीत उभे राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे. काम संपताच कपडे बदलावे व हातपाय धुवावे.

बुरशी मुळात होऊच न देणे, हे सर्वांत श्रेयस्कर. ज्वारी, गहू यांसारखी धान्ये १२ टक्क्यांहून अधिक ओलावा राहणार नाही इतकी वाळवूनच साठवावी. कोठी जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावी. कडबा पुरता वाळल्यावरच गंजी रचावी, तिच्या खाली लाकडांची बैठक द्यावी व वरून पाणी आत शिरणार नाही असे शाकारावे. बुरसलेली वैरण हलवण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही. अशी वैरण जनावरांनाही घालू नये. काही बुरशा विष तयार करतात व ते दुधातही उतरते. रोगी ज्या खोलीत निजतो तेथे धान्य, वैरण किंवा ओल आलेल्या गोण्या ठेवू नयेत.

बुरशीनाशकांचा जपून वापर

या रोगाचा आणखी एका बाजूने शेतीशी संबंध आहे. व्होरिकोनॅझोल हे औषध बुरशीच्या पेशीचे आवरण बनण्याच्या क्रियेत अडथळा आणते. पिकांवर फवारली जाणारी प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही ट्रायझोल गटातील बुरशीनाशकेही हेच कार्य करतात. त्यामुळे शेतातील अस्परजिलसला या औषधांची सवय झाली की माणसाला दिलेले औषधही तिच्यावर लागू पडत नाही. असे प्रतिकारक्षम वंश युरोपात आढळले आहेत व भारतातही आढळले आहेत. फवारलेल्या पिकांचे अवशेष जेथे कुजत पडतात अशा ढिगांत ते वाढतात, असे नेदरलँड्समधील अभ्यासात दिसून आले.

म्हणून द्राक्ष, गहू किंवा भाजीपाला यांवर ही औषधे शिफारशीपेक्षा अधिक मात्रेत व अधिक वेळा फवारू नयेत. एकाच गटाचे औषध लागोपाठ न वापरता गंधक, ताम्रयुक्त औषधे किंवा मँकोझेब यांच्याशी शिफारशीप्रमाणे आलटून पालटून वापरावे. आपल्या बागेतील अनावश्यक फवारणी दूरच्या एखाद्या रुग्णाचे औषध निकामी करू शकते, ही जाणीव प्रत्येक बागायतदाराने ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

हंगामाच्या आरंभी आपल्या गावात अशी जपावयाची माणसे कोणत्या घरी आहेत, हे आशा कार्यकर्तीच्या मदतीने समजून घ्यावे. त्यांच्या आजाराची वाच्यता चारचौघांत करू नये. एच.आय.व्ही.बाधितांच्या बाबतीत तर गुप्तता कटाक्षाने पाळावी. अस्परजिलस व म्युकर यांचा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, हे घरच्यांना समजावून सांगावे, म्हणजे रोग्याला वेगळे टाकण्याचा प्रसंग येणार नाही. रोग्याबरोबर रुग्णालयात जाणाऱ्याने आधीचे कागद, चालू औषधांची नावे आणि अलीकडे केलेले धुळीचे काम या तीन गोष्टी डॉक्टरांना न विसरता सांगाव्या. ‘आठ दिवसांपूर्वी बुरसलेला कडबा काढला होता’ हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. एकाच गंजीवर काम करणाऱ्या दोघांपैकी एकालाच रोग का होतो?

२. प्रतिजैविकांनी न हटणारा ताप कोणत्या माणसात विशेष धोक्याचा समजावा?

३. आपल्या गावातील वैरण साठवण्याच्या पद्धतीत येत्या पावसाळ्यापूर्वी कोणती सुधारणा करता येईल?

४. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या शेतकऱ्याला मळणीच्या दिवशी कोणते काम द्यावे व कोणते देऊ नये?