मनाच्या आजाराचा डॉक्टर : आपल्या भागात कोठे व कसा शोधावा



या पानावर आपण नेहमी लागण, बेणे, खतांचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी वाचता. या अंकात विषय निराळा घेतला आहे. शेती विभागाच्या माणसाने यात का पडावे, असे कोणी विचारील, म्हणून तेवढे आधी सांगतो.

ज्या सभासदाची ऊस नोंद दरवर्षी पहिल्या आठवड्यात येते, त्याची नोंद एखाद्या वर्षी येतच नाही. खोडव्याला खत पडत नाही. जळालेली मोटार महिना महिना तशीच राहते. आमचा माणूस दारात गेला तर मालक आत असूनही "घरात नाहीत" असा निरोप येतो. उसाचे पान पिवळे दिसू लागते तेव्हा हुमणीने मुळ्या केव्हाच कुरतडलेल्या असतात, त्यातलाच हा प्रकार. गट ऑफिसला हे घरच्यांच्या बरोबरीने दिसते, कधी त्यांच्याही आधी दिसते. पण दिसले म्हणून करायचे काय? "त्याला कोणाला तरी दाखवा" हे म्हणणे सोपे आहे. कोणाला दाखवायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्यासारख्या खेडेगावात शहरापेक्षा अवघड आहे.

एक अडचण सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टरच थोडे आहेत. आपल्या देशात एक लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पुरता भरत नाही; हिशेब ०.७५ असा येतो, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांतील सुमारे दहा प्रौढ माणसांना त्या वेळी कोणता ना कोणता मनाचा विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळालेलेच नव्हते. म्हणजे आपल्या प्रत्येक गावात अशी घरे आहेत. ती कोणती, हे फक्त बोलले जात नाही.

दुसरी अडचण ओळखीची. तालुक्याच्या गावी एकच असा दवाखाना असतो. त्याच्या दारात गाडी लावली की जाणारा-येणारा नंबरावरून गाडी ओळखतो. आत बाकावर शेजारच्या वाडीचा माणूस बसलेला असतो. केसपेपर काढणारा मुलगा आपल्या भाचीच्या वर्गातला निघतो. चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जावे, तर दुकानदार आपल्याच सोसायटीचा सभासद. आणि खुद्द डॉक्टर किंवा समुपदेशक आपुलकीने पहिला प्रश्न काय विचारतात? "कुठल्या गावचे? कोणाचे तुम्ही?" एरवी हा प्रश्न ऐकून आपल्याला बरे वाटते. इथे मात्र छातीत धस्स होते. पाहुणेपणा निघाला की पुढचे बोलणे बंद. मुलीचे स्थळ मोडेल, भावकी हसेल, सोसायटीच्या निवडणुकीत विरोधक "याच्या डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून प्रचार करतील, अशी भीती असते. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. असे घडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून "लाजू नका, बिनधास्त जा" असा कोरडा उपदेश न करता, ओळखीतून वाट कशी काढायची तेवढेच येथे लिहितो.

आमच्या गटातील एका सभासदाची हकिकत त्यांच्या परवानगीने देतो. गाव व खुणा बदलल्या आहेत. आडसाली लागणीच्या दिवसांत यांची झोप उडाली. पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारायच्या, जेवण निम्म्यावर, बैल विकून टाकू म्हणायचे. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या दुकानातून परस्पर आणून चार महिने खाल्ल्या. मग घरच्यांनी बाहेरचे बघितले, त्यात बरेच पैसे गेले. शेवटी मेहुणीच्या सांगण्यावरून तालुक्याला मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. तर डॉक्टर त्यांच्या साडूचे वर्गमित्र निघाले. डॉक्टर माणूस चांगला होता, पण यांनी "पित्ताचा त्रास आहे" एवढेच सांगितले आणि परत आले. आणखी दोन महिने गेले. त्यानंतर पत्नीने मिरजेची वाट धरली. बरे व्हायला लागले ते तेथून. आता त्यांचा ऊस वेळेवर जातो आणि ते मीटिंगला येऊन भांडतातही!

मिरजेचा उल्लेख मुद्दाम केला. १८९४ पासूनचे वॉनलेस रुग्णालय आणि पुढे झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकातूनही माणसे तेथे वर्षानुवर्षे जात आली आहेत. कोणी डोळ्याला जातो, कोणी हाडाला, कोणी मूतखड्याला. "मिरजेला जाऊन येतो" म्हटले की कोणी पुढे विचारत नाही. लहान गावातल्या माणसाला हा मोठा आडोसा आहे. कोल्हापूरच्या सी.पी.आर.चे तसेच. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, फी नाममात्र असते, आणि रांग मोठी असल्याने तुमच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. जवळचा डॉक्टर सोडून लांब जाणे म्हणजे जवळच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. आपण बेणे आणायलाही दुसऱ्या जिल्ह्यात जातोच की! मात्र लांबचा डॉक्टर निवडताना एक हिशेब करावा. हे एका खेपेचे काम नाही. महिन्यातून एकदा-दोनदा, कितीतरी महिने जावे लागते. एस.टी.ने सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढ्याच अंतरावरचा डॉक्टर धरावा.

आता कोण काय करतो, यात आपल्याकडे फार घोळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला व नंतर त्या विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. मेंदू व नसांचा डॉक्टर, ज्याला आपण 'न्यूरोवाला' म्हणतो, तो निराळा. फिट व लकव्याला तो हवा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो तपासण्या करतो व बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशकाची पाटी मात्र कोणीही लावतो, तेव्हा तेथे डोळे उघडे ठेवावेत. कोठे शिकलात, किती दिवस हे काम करता, गरज पडली तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता, असे सरळ विचारावे. या प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे जाऊ नये. एका बैठकीत बरे करतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको.

याचा अर्थ डिग्री नसलेल्याचा उपयोग नाही, असा नव्हे. गोव्यात संगाथ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या पण नीट शिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत ठरावीक पद्धतीने बोलायचे. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा या रुग्णांना अधिक गुण आला. तो अहवाल २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हा शिकवलेला माणूस आणि त्याच्यामागे लक्ष ठेवणारा तज्ज्ञ, या दोन गोष्टी असतील तर उपयोग होतो.

पहिल्या भेटीआधी फोन करावा, आणि फोनवर गाव सांगण्याची घाई करू नये. आधी आपण विचारावे : "आमच्या भागात तुमचे पाहुणे आहेत का? माझे नाव कोणाला कळेल? केसपेपर कोण बघतो?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. जिवाला धोका असणे, कोर्टाचा हुकूम अशा थोड्या गोष्टी अपवाद. शिवाय आपल्या उपचाराचे कागद मागण्याचाही हक्क आहे. डॉक्टर ओळखीचे निघालेच तर पहिल्यालाच सांगावे, "साहेब, आपली ओळख निघते, मला अवघड वाटते, दुसरे नाव सुचवा." चांगला डॉक्टर याने दुखावत नाही. उलट, लहान गावात काम करणाऱ्याला हे रोजचेच आहे. आणि जेथे दुसरा इलाजच नाही, तेथे ठरवून घ्यावे की लग्नात, जत्रेत भेट झाली तर डॉक्टरांनी आपणहून ओळख दाखवायची नाही.

एक गोष्ट विशेष सांगतो. वाटणीचा किंवा बांधाचा वाद चालू असलेल्या दोन भावांनी एकाच समुपदेशकाकडे स्वतंत्र जाऊ नये. तो कितीही सरळ असला तरी एकाचे ऐकून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे म्हणजे त्यालाही अवघड, आणि कोर्टात गेल्यावर "त्याने माझे सांगितले" असा संशय येतोच. तीच गोष्ट मुलीच्या शाळेतल्या बाईंची किंवा संचालकांच्या घरच्या माणसाची.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. हा कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. पथकातील मंडळी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांतही येतात. आपल्या तालुक्याचा दिवस कोणता, हे ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे विचारावे. आशाताई गावच्याच, म्हणून काहींना नको वाटते, ते समजू शकते. पण बाळंतपणानंतर सून रडत बसते, बाळाला घेत नाही, अशा वेळी आशाताई घरात सहज येऊ शकते आणि सासूशी बोलू शकते. ते काम दुसऱ्या कोणाला जमत नाही. अशा सुनेला "थेरं" म्हणून धुडकावू नये. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

कोठेच जाणे होत नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू झाला. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. शिवाय २०२० साली सरकारने फोन व व्हिडिओवरून तपासणीचे नियम केल्यापासून पुणे-मुंबईचे कित्येक डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ असे बघतात. अडचण एवढीच की तीन पिढ्यांच्या घरात खासगी बोलायचे कोठे? विहिरीवरची मोटारीची खोली याला उत्तम. रात्रपाळीच्या लाइटला जायचेच असते, तेव्हा कोणी विचारत नाही. रेंज मात्र आधी बघून ठेवावी. बायकांना ही सोय नसते. त्यांनी माहेरी गेल्यावर पहिली भेट उरकली आणि पुढे फोनवर चालू ठेवले, अशी उदाहरणे आहेत.

औषधाबद्दल थोडे. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. युरिया टाकल्यासारखा आठवड्यात हिरवेपणा येत नाही. गुण आला की आपण गोळी बंद करतो, तेथे फसगत होते. बरे वाटल्यानंतरही काही महिने गोळी चालते व ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. देवाला जायचे असेल त्याने जावे, गोळी घेऊन जावे. परंतु भूत काढतो म्हणून मारझोड करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि माणसाला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्यात मनाई आहे.

वरील सगळी निवड करायला वेळ असतो तेव्हाचे हे झाले. माणूस "आता जगून काय करू" म्हणू लागला, देणीघेणी मिटवू लागला, मुलांची सोय बोलू लागला, तर डॉक्टर ओळखीचा की अनोळखी हे बघत बसू नये. सरळ विचारावे, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये. तणनाशक व कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घरातून व गोठ्यातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावेत. हे काम लहान दिसते, पण जीव वाचवणारे आहे. काही घडलेच तर १०८ ची गाडी बोलवावी. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नये. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याला शिक्षा न करता त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो.

आमच्या शेती विभागाच्या कर्मचाऱ्यांनाही काही सांगितले आहे, ते सभासदांना माहीत असावे. कोणाच्या घरी असे काही दिसले तर ते नोंदवहीत लिहायचे नाही, गट ऑफिसच्या कट्ट्यावर बोलायचे नाही, चिटबॉयने तोडणीच्या फडात तर नाहीच नाही. घरच्या एका माणसाला बाजूला घेऊन सांगायचे व मागितला तर नंबर द्यायचा. अशा घरची ऊसतोड मागेपुढे करावी लागली तर कारण 'घरगुती अडचण' एवढेच लिहिले जाईल. कोणी यापेक्षा जास्त विचारले किंवा बाहेर बोलले, तर माझ्याकडे थेट तक्रार करावी. मी मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहापर्यंत ऑफिसात असतो. दार लावून बोलता येते.

पुढील अंकात : खोडव्यातील पाचट न जाळता कुजविणे.

— ऊस विकास अधिकारी