पक्षनिष्ठा आणि मतदान : सँडी हूक या गावाचा अभ्यास

मतदार आपला पक्ष कसा निवडतो, या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर अँगस कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली ‘द अमेरिकन व्होटर’ या ग्रंथात दिले. पक्षाशी असलेले नाते माणूस बहुधा घरातूनच घेऊन येतो आणि ते सहसा आयुष्यभर टिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाची कसोटी पाहण्यासाठी आपण अमेरिकेतील एका लहानशा गावाकडे वळू.

केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात सँडी हूक हे गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. एलियट काउंटीचे हे मुख्य ठिकाण. संपूर्ण काउंटीची लोकसंख्या सुमारे साडेसात हजार असून ती बहुतांशी गौरवर्णीय आहे. निकालांचे पुढील आकडे काउंटीचे आहेत, हे ध्यानात ठेवा.

एलियट काउंटी १८६९ साली स्थापन झाली. १८७२ ते २०१२ या काळात अध्यक्षपदाच्या ३६ निवडणुका झाल्या आणि प्रत्येक वेळी येथे डेमोक्रॅटिक उमेदवारालाच सर्वाधिक मते मिळाली. १९७२ मध्ये निक्सन यांनी व १९८४ मध्ये रेगन यांनी पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली, तेव्हाही ही काउंटी ढळली नाही. याच राज्यातील जॅक्सन काउंटीने मात्र डेमोक्रॅटिक उमेदवाराला कधीच विजयी केले नाही. दोन्हीकडे डोंगर तेच, शेतकरीही तसेच. भेदाचे मूळ बरेचसे १८६१–६५ च्या यादवी युद्धात शोधावे लागते. या डोंगराळ प्रदेशात युद्धात घेतलेली बाजू पुढे घराण्याचा पक्ष बनली. जॅक्सनमध्ये संघराज्याच्या बाजूचे प्राबल्य होते. पुढे रूझवेल्ट यांच्या काळात तंबाखूच्या भावाला आधार मिळाला, ग्रामीण भागात वीज आली आणि गरीब शेतकऱ्याच्या डेमोक्रॅटिक निष्ठेला रोकडे कारणही मिळाले.

आता आकडे पाहा. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार केरी यांना सुमारे ७० टक्के मते पडली. २००८ मध्ये ओबामांना ६१ टक्के, २०१२ मध्ये त्यांनाच जेमतेम ४९ टक्के. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी ७० टक्के मते घेऊन ही परंपरा मोडली. वृत्तपत्रांना हा भूकंप वाटला. परंतु आकडे क्रमाने वाचल्यास भिंत कित्येक वर्षे खचत होती, असे दिसते. व्ही. ओ. की या अभ्यासकाने १९५९ साली अशा प्रक्रियेला संथ पुनर्रचना म्हटले होते : एका निवडणुकीत न घडता अनेक निवडणुकांतून मुरत जाणारा बदल. वंश हे एकमेव कारण मानणाऱ्यांनीही थबकावे, कारण ओबामांनी ही काउंटी दोनदा जिंकली होती. मात्र मतांची घसरण त्यांच्याच काळात झाली, हेही नाकारता येत नाही.

येथे एक गुंतागुंत आहे. भारतातील मतदारयादीत पक्षाचे नाव नसते. केंटकीत मतदार नोंदणी करतानाच पक्ष नोंदवू शकतो आणि पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनाच मत देता येते. जेथे शेरीफसारख्या स्थानिक पदांचा निकाल व्यवहारतः डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीतच लागतो, तेथे नोंदणी बदलणे म्हणजे गावच्या कारभारातील आपला शब्द गमावणे. त्यामुळे ट्रम्प यांना मत देणारे अनेक जण कागदोपत्री डेमोक्रॅट राहिले. त्यातच सँडी हूकचे रॉकी ॲडकिन्स हे डेमोक्रॅट १९८७ पासून तीन दशकांहून अधिक काळ राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून येत होते, आणि २०१९ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत याच काउंटीने डेमोक्रॅटिक उमेदवार अँडी बेशियर यांना कौल दिला. ओळखीच्या माणसाला वेगळा न्याय आणि दूरच्या वॉशिंग्टनला वेगळा, असा हा हिशेब आहे. त्याला निव्वळ विसंगती म्हणणे मला उचित वाटत नाही.

एक सावधगिरी बाळगा. काउंटीच्या एकूण आकड्यांवरून एखाद्या मतदाराचे मन वाचता येत नाही. २०१२ मध्ये ओबामांना मत देणाऱ्यांनीच २०१६ मध्ये ट्रम्प यांना मत दिले, की काही जण घरीच बसले आणि काही नव्याने आले, हे केवळ टक्केवारी सांगत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुमच्या गावातील ग्रामपंचायत, विधानसभा आणि लोकसभा या तीन निवडणुकांचे अलीकडील निकाल मिळवा. तिन्हींमध्ये कौल एकाच दिशेचा होता काय? नसल्यास, वरील विवेचनातील कोणते कारण तेथे लागू पडते आणि कोणते पडत नाही, ते दहा ओळींत लिहा.