चढणीचे मासे : कधी पकडायचे, कधी सोडायचे?



मृगाचा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आलं की आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावांत एक बातमी लगेच पसरते, "मासं चढाय लागलं!" मग कुणी जाळं घेतं, कुणी बुट्टी, तर कुणी नुसती काठी घेऊन ओढ्याकडे धावतं. हेच ते चढणीचे मासे. आज आपण तीन प्रश्नांची उत्तरं शोधू. मासे का चढतात? माणूस ते कसे पकडतो आणि खातो? आणि या दिवसांत मासा पकडला तर नदीचं नेमकं काय जातं?

मासे का चढतात?

उन्हाळाभर मासे नदीच्या खोल डोहात राहतात. पावसाचं नवं पाणी आलं की मादीच्या पोटातली अंडी पक्व झालेली असतात. ती घालायला तिला उथळ, वाहतं आणि भरपूर प्राणवायू असलेलं पाणी हवं असतं. म्हणून मासे प्रवाहाच्या उलट पोहत वरच्या अंगाला, ओढ्यांत आणि भातखाचरांत शिरतात. म्हणजे चढणीचा मासा वाट चुकलेला नसतो, तो बाळंतपणाला निघालेला असतो. उथळ पाण्यात त्याला लपायलाही जागा नसते. जेव्हा तो सर्वांत सहज हाती लागतो, नेमकं तेव्हाच त्याला सोडून देण्याची सर्वांत जास्त गरज असते. या पाठातलं हे मुख्य वाक्य आहे, वहीत लिहून ठेवा.

आपल्या नदीचा राजा : महाशीर

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून येऊन कऱ्हाडला तिला कोयना मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. या खोऱ्यातला एक मोठा मासा म्हणजे महाशीर. काही भागांत त्याला खडस किंवा खडशी म्हणतात. मोठाले खवले, जाड ओठ आणि जोरदार शेपटी ही त्याची ओळख. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या 'टॉर खुद्री' या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' आपल्याच भागातल्या बोलीतून गेलेलं आहे.

महाशीरला स्वच्छ, वाहतं पाणी आणि तळाला गोटे-वाळू लागते. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, महाशीरची अंडी त्या मानाने फारच कमी असतात. त्यामुळे एक पोटुशी मादी गेली तर नुकसान मोठं होतं.

पकडणं आणि खाणं

नदीकाठच्या भोई समाजाने पिढ्यानपिढ्या हे काम केलं आहे. फेकजाळं, तंगुसाचं जाळं आणि गळ ही त्यांची साधनं. कोणत्या डोहात कोणता मासा आणि कोणत्या पाण्याला कोणतं जाळं, हे ज्ञान पुस्तकात नाही, ते या माणसांकडे आहे.

घरी मासा आला की खवले काढायचे आणि तुकड्यांना हळद-मीठ लावून ठेवायचं. मग कांदा-लसूण मसाला, खोबरं आणि चिंच घालून झणझणीत कालवण करायचं, सोबत ज्वारीची भाकरी. मरळ, वाम, शिंगाळा यांना आपल्याकडे मान आहे. बाजारात मात्र आज रोहू, कटला आणि चिलापी जास्त दिसतात. रोहू-कटला मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आणि चिलापी आफ्रिकेतली, हे किती जणांना माहीत आहे? आणि जून-जुलैमध्ये ताटात आवडीने वाढली जाणारी गाभोळी म्हणजे माशाची अंडीच.

दूरदेशीचा एक धडा

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात पॅडलफिश नावाचा मासा आहे. त्याचं नाक वल्ह्यासारखं लांब-चपटं असतं, म्हणून आपण त्याला 'वल्हेमासा' म्हणू. तोंड उघडं ठेवून पोहत तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. आमिषाला तो भुलत नाही, म्हणून लोक मोठे गळ पाण्यातून ओढून त्याला अडकवतात. त्याचं मांस खातात, गाभोळीला तर फार मोठी किंमत येते. हा मासाही वसंतात, पाणी वाढलं की नदी चढतो आणि गोट्यांवर अंडी घालतो.

मिसुरी राज्यात धरणामुळे त्याची अंडी घालायची जागा पाण्याखाली गेली. तेव्हा तिथल्या सरकारने पिल्लं वाढवून जलाशयात सोडायला सुरुवात केली आणि पकडण्यावर नियम घातले. तिथे मुख्य हंगाम १५ मार्च ते ३० एप्रिल एवढाच असतो आणि एका माणसाला दिवसाला दोनच मासे घेता येतात. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा परत सोडावा लागतो. ही लांबी डोळ्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, नाक धरत नाहीत! त्यामुळे लोक आजही तो पकडतात, खातात आणि मासाही टिकून आहे.

त्याचा चुलतभाऊ चीनच्या यांगत्से नदीत होता. १९८१ साली गेझोउबा धरणाने त्याची वर जायची वाट अडली, शिवाय मासेमारीही भरमसाट झाली. जिवंत मासा शेवटचा दिसला २००३ साली. २०२२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. एक भाऊ राहिला, दुसरा कायमचा गेला.

आपल्याकडे काय?

कोयना धरण १९६४ साली पूर्ण झालं, पुढे धोम आणि वारणा धरणंही झाली. त्यांनी शेतीला पाणी दिलं, घरात वीज दिली, हे विसरून चालणार नाही. पण माशाला धरण ओलांडता येत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यात काढतात, तेव्हा थोडी वाट मोकळी होते. वाळूउपशाने मात्र अंडी घालायची जागाच जाते आणि सांडपाण्याने उरलेले मासे मरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडलेला अनेकांनी पाहिला आहे.

आशाही आहे. लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार केली जातात. रायगड जिल्ह्यात वाळण कोंडला सावित्री नदीच्या डोहात गावकरी महाशीरला देवाचा मासा मानून जपतात. पण इथेही सावध राहावं लागतं. लोणावळ्याची पिल्लं कावेरीत सोडली, तेव्हा तिथल्या मूळच्या महाशीरवर संकट आलं. म्हणून ज्या नदीचा मासा, त्याच नदीत सोडावा.

सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पण प्रत्येक ओढ्यावर पोलीस उभा राहू शकत नाही. तिथे तुम्ही-आम्हीच असतो. मासे खाऊ नका, असं हा पाठ सांगत नाही. भोई बांधवांचं पोट त्यावर आहे. पाठ एवढंच सांगतो की पहिल्या पावसाचे थोडे आठवडे चढणीच्या माशाला वाट द्या आणि पोट फुगलेली मादी हाती आली तर परत पाण्यात सोडा. मग दिवाळीनंतर जाळ्यात काहीतरी येईल.

उपक्रम

१. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावच्या नदीत कोणते मासे होते? त्यातले आज कोणते दिसतात? दोन रकान्यांत यादी करा.
२. गावाजवळच्या बंधाऱ्याचे बरगे कधी काढतात आणि कधी घालतात, याची माहिती मिळवा.
३. 'चढणीचा मासा पकडावा की सोडावा?' यावर वर्गात चर्चा करा. मासेमारी करणाऱ्या एखाद्या काकांना नक्की बोलवा, त्यांची बाजू आधी ऐका.