सायकल घरी कशी सांभाळावी: अनुभवाचे बोल

गोंदिया जिल्ह्यात सायकल अजून कामाची वस्तू आहे. घरातला एक जण तिच्यावर धानाच्या बांधीवर जातो, दुसरा आठवडी बाजारात, आणि पोरी शाळेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे, ही अट. ही रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. या सायकलीच्या जोरावर बारावीपर्यंत शिकलेल्या मुली मी माझ्याच गावात पाहिल्या आहेत. अशी सायकल चोरीला जावो की गंजून बसो, मुलीला दोन्ही सारखेच. दुसऱ्या दिवशी ती पायी निघते, नाहीतर घरी राहते. म्हणून कुलूप आणि कोरडी जागा यांचा विचार मी एकत्रच करतो. आमच्या घरात सायकली कायम असतात. त्या सांभाळताना जे समजले ते येथे क्रमाने मांडतो.

१. रात्री सायकल घरात घ्यावी.
अंगणात किंवा कुंपणाला टेकवलेली सायकल रस्त्यावरून दिसते. छपरीत ठेवायची तर आतल्या भिंतीकडे ठेवावी, जमल्यास दाराच्या आत घ्यावी. कायदाही घरातल्या वस्तूला जास्त संरक्षण देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या चोरीत वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल, चोराचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने ती परत केली, तर त्याला केवळ समाजसेवेची शिक्षा होते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सायकली याच किमतीत बसतात. तेव्हा चोरी होऊच नये, हाच खरा बंदोबस्त.

२. मागच्या चाकाचे कुलूप पुरेसे नाही.
ते कुलूप चाक अडवते, सायकल अडवत नाही. साध्या काळ्या सायकलीचे वजन वीस किलोच्या आसपास असते; एक माणूस ती खांद्यावर घेऊन निघून जातो. जाड साखळी फ्रेममधून आणि मागच्या चाकातून ओवून खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधावी. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नये, कारण खाली आधार मिळाला की ते दगडाने ठेचून फोडता येते. किल्लीचे भोक खाली राहील असे कुलूप लटकवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. दुसरी किल्ली सायकलीच्या जवळपास कुठेही ठेवू नये.

३. फ्रेमचा नंबर वहीत लिहून ठेवावा.
हा नंबर पॅडलच्या खालच्या नळीवर किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. गंजामुळे वाचता येत नसेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी, अंक उमटतात. मालकासोबत सायकलीचा एक फोटो काढावा. दुकानाची पावती जपून ठेवावी. अनुदानासाठी शाळेत पावती दिली असेल तर तिची झेरॉक्स घरी असू द्यावी. काळ्या रंगाच्या सायकली शेकड्यांनी असतात. पोलीस ठाण्यात आपली सायकल ओळखू येते ती याच नंबरावरून.

४. सायकल कोठ्यात, खताजवळ किंवा मिठाजवळ ठेवू नये.
जागा मोकळी दिसली की सायकल गुरांच्या कोठ्यात जाते. गुरांच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि तो पितळेला आतून तडा देतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसे अशीच तडकत असत. त्यामागे अमोनिया आहे, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. सायकलीत तारा रिमला धरून ठेवणारी निपल बहुधा पितळेचीच असतात. युरियाचे पोते हवेतले पाणी ओढते आणि आजूबाजूची जागा ओलसर ठेवते. पोटॅश आणि मीठ तर लोखंडाचे उघड शत्रू आहेत. धानाची कोठी असलेली खोली त्यापेक्षा बरी, पण तेथे उंदीर असतात. त्यांचे पुढे सांगतो.

५. पावसाळ्यात रोज दोन मिनिटे द्यावीत.
मृग लागल्यापासून भारी धान पोटरीत येईपर्यंत आपल्याकडची हवा ओलीच असते. भिजून आलेली सायकल तशीच कोपऱ्यात लावली तर चेनवर रात्रीतून तांबूस थर चढतो. आधी कोरड्या फडक्याने चेन, रिम आणि ब्रेकच्या सळया पुसाव्यात, मग चेनला मशीन ऑइलचे थेंब द्यावेत. घरी जवसाचे तेल आहे म्हणून ते लावू नये. उतेऱ्यातला जवस आपल्याकडे घरोघरी असतो, पण त्याचे तेल हवेत वाळून चिवट पापुद्रा होते आणि चेन जाम करते. ते तेल कुदळीच्या दांड्याला लावावे, लाकडाला त्याने फायदा होतो. सायकलीवर प्लास्टिकही गुंडाळू नये. आतली ओल आतच कोंडते. जुने सुती लुगडे पांघरले तर धूळ अडते आणि हवा खेळती राहते.

६. बराच काळ न वापरायची सायकल टांगून ठेवावी.
मुलगी शिकायला बाहेरगावी गेली की तिची सायकल महिनोन्‌महिने एका जागी उभी राहते. हवा गेलेल्या टायरवर वजन पडून तो एकाच ठिकाणी चिरतो. अशी सायकल म्यालीला दोरीने टांगावी किंवा उलटी करून सीट आणि हँडलवर ठेवावी. टांगण्याआधी म्याल तपासावी. कवेलूचे घर जुने असेल आणि लाकडाला वाळवी लागली असेल तर टांगू नये. टायरमध्ये थोडी हवा राहू द्यावी आणि अधूनमधून चाके फिरवावीत.

७. रबरी वस्तूंना ऊन, उंदीर आणि रॉकेल यांपासून दूर ठेवावे.
आपल्याकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापतो. टिनाच्या छपराखाली ठेवलेली नवी ट्यूब एका उन्हाळ्यात चिकट होते किंवा भेगाळते. ट्यूबला टाल्कम पावडर चोळून ती सैल घडीत काळ्या पिशवीत घालावी आणि घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवावी. ही पिशवी तेलाच्या रिकाम्या पिप्यात झाकण लावून ठेवली की उंदीर कुरतडत नाहीत. रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल यांनी रबर फुगते, म्हणून त्यांचे डबे वेगळ्या खोलीत असावेत. पंचरचे सोल्यूशन लगेच पेट घेते. ते चुलीजवळ आणि देवघरातल्या दिव्याजवळ कधीही ठेवू नये.

८. सुटे भाग मापाप्रमाणे वेगळे ठेवावेत.
सगळे भाग एकाच डब्यात कोंबले तर गरजेच्या वेळी एकही उपयोगी पडत नाही. साध्या सायकलीच्या पुढच्या हबमध्ये तीन-सोळांश इंचाचे छर्रे लागतात, प्रत्येक बाजूला दहा. मागच्या हबमध्ये पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला नऊ. ते मिसळले तर कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो हबमधला भाग, बिघडतो. तारा पुढे ३२ आणि मागे ४० असतात, आणि त्यांची लांबीही वेगळी असते. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, म्हणून त्यावर रंगाची खूण करावी. टायरच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजी घ्यावी. मुलींच्या सायकलीचे २६ × १⅜ आणि जाड टायरच्या सायकलीचे २६ × २.१ ही दोन्ही मापे २६ चीच, पण पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ५५९ ची. एक टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही. २८ × १½ ची रिम तर ६३५ ची असते. डब्यावर माप लिहून ठेवावे. छर्रे, कॉटर पिना आणि कोन ग्रीस लावून कागदात गुंडाळावेत आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत.

९. घरात कोणते भाग ठेवावेत, ते आधी ठरवावे.
आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या दूरच्या गावात सायकलीचे दुकान जवळ नसते, आणि पावसात नाल्याला पूर आला की तिकडे जाताही येत नाही. म्हणून एक ट्यूब, पंचरचे सामान, व्हॉल्वट्यूब, ब्रेकचे रबर, एक कॉटर पिन, थोड्या तारा, हवा भरायचा पंप आणि डबल पाना एवढे घरात असावे. त्याहून जास्त साठवू नये. पडून राहिलेले रबर वापराविना खराब होते. हब उघडणे आणि रिम सरळ करणे ही कामे मिस्त्रीकडेच द्यावीत.

१०. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे.
किल्ली कुठे आहे, डबा कुठे आहे, चेन कशी पुसायची हे वडीलधाऱ्यांइतकेच मुलींनाही शिकवावे. ज्या मुलीला स्वतःच्या सायकलीचे पंचर काढता येते, तिची शाळा कोणावाचून अडत नाही.

माझे सांगणे एवढेच. पुढच्या मृगाआधी एक सकाळ काढा. घरातली सायकल उजेडात घेऊन फ्रेमचा नंबर वहीत उतरवा, चेनला तेल द्या, ट्यूब आणि छर्रे डब्यात नीट लावा, आणि रात्री सायकल घरात घ्या.