दिव्याचा मध नेमका कुठल्या फुलांचा?

चैत्र लागला की मधाच्या बाटल्यांवर 'जांभूळ', 'कारवी', 'रानमध' अशी लेबलं चढू लागतात. दिवा, आगासन, बेतवडे किंवा कल्याण-मुरबाडकडे ज्यांनी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, त्यांनी लेबल छापायच्या आधी पेटीभोवतीचा किलोमीटरभर टापू पायी फिरून पाहावा. सातेरी साधारण तेवढ्यातच चरते. काय फुललंय, कधी फुललं, कधी सरलं, हे तारखेसह वहीत लिहावं. मधाचं मूळ ओळखायला याहून स्वस्त साधन नाही.

मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतं, त्याच सुमारास करंज. खाडीकाठी तिवराची बारीक पिवळट फुलं उन्हाळ्यात येतात. आंब्याच्या मोहोरावर माश्या दिसल्या तरी 'आंब्याचा मध' म्हणू नये. तिथे घोंगावणाऱ्यांत घरमाशीच्या जातकुळीतल्याच पुष्कळ असतात. दिव्यासारख्या ठिकाणी एकाच फुलाचा मध मिळणं अवघड. 'खाडीकाठचा बहुफुली मध' एवढं खरं लिहिलं तरी पुरे. तिवरांत पेटी ठेवायची असेल तर आधी वनविभागाला विचारा. स्वतःच्या शेताच्या बांधावरूनही माशी तिथे पोचते.

कारवीच्या नावाला तर फारच जपायला हवं. येऊरच्या, म्हणजे संजय गांधी उद्यानाच्या डोंगरात ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये सामूहिक फुलली. तुरळक झुडपं अधेमधे फुलतात, पण त्यावर बाटल्या भरत नाहीत. तेव्हा यंदा कोणी येऊरचा ताजा कारवी मध पिंपाने देऊ लागला, तर त्याला सालाबद्दल विचारा.

शहरालगतच्या पेटीची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. उन्हाळ्यात स्टेशनाबाहेर रसवंत्या सुरू होतात, मिठाईच्या दुकानात पाक उघडा असतो आणि माशीला गोड ते गोड. तो रस पोळ्यात गेला की तुम्ही चमचाभरही साखर न घालता मध तपासणीत नापास होऊ शकतो, कारण सुक्रोजची मर्यादा साधारणपणे 5 टक्के आहे. रसवंतीजवळची पेटी हलवा. पावसाळ्यात दिलेला साखरपाक उरला असेल तर मधकोठी चढवण्याआधी तो संपू द्या.

आता ओलावा. मानकाप्रमाणे मधात 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको, आणि आपली खाडीची हवा मधाला पाणी पाजायला टपलेलीच असते. चौकटीवरची निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने झाकली गेल्याशिवाय मध काढू नका. ओलावा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर चार जणांत मिळून घेतला तरी चालेल. पोळं पिळू नका, यंत्रानेच काढा. काम मे संपायच्या आत उरका आणि पिल्लांच्या कोठीतला मध माश्यांना पावसाळ्यासाठी राहू द्या. कोरड्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा. आंबूस वास, फेस दिसला तर तो मध विकू नका.

पाण्यात थेंब सोडणं, काडी पेटवणं या घरगुती चाचण्यांवर विसंबू नका. दाट साखरपाकही तळाशी बसतो. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँड तपासले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त 3 उतरले. तिथे नेहमीच्या चाचण्या चुकवणाऱ्या पाकाची गोष्ट होती, काडीची काय कथा! मध थिजला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगा. बरणी कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका.

फुलाचं नाव छापायचंच असेल तर परागकण तपासून घ्या. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. मध पातळ करून गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एका जातीचे कण साधारण 45 टक्क्यांवर असले तर मध एकफुली मानतात. मात्र काही झाडं पराग भरपूर आणि मकरंद थोडा देतात. म्हणून नमुन्याबरोबर तुमची वहीही न्या.