सीट मागे जाते, पुढे येत नाही

प्रश्न : माझ्या जुन्या सेदानमधून शिर्डी–शिंगणापूर भाविकांची ने-आण करतो. ड्रायव्हरची पॉवर सीट मागे सरकते, पण पुढे येत नाही. मोटर बदलावी का?
– एक वाचक, शनिशिंगणापूर

उत्तर : मोटरला इतक्यात हात लावू नका. पुढे-मागे सरकवणारी मोटर एकच असते. बटण फक्त प्रवाहाची दिशा उलटवतं. सीट मागे जाते, म्हणजे मोटर आणि फ्यूज शाबूत आहेत. बटण पुढे दाबताना गाडीतला दिवा मंदावला, तर रुळात खडा किंवा नाणं अडकलेलं असेल. दिवा जराही हलला नाही, तर दोष बहुधा बटणाचा.

तुमच्याकडे शनिदेवाला वाहायचं तेल गाडीतून येतं, तेलकट हात बटणाला लागतात. त्यावर धूळ चिकटते आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडतात.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो, त्याला अजिबात हात नको! बटण जाड कापडावर उघडा, बारीक स्प्रिंगा उडतात. पट्ट्या काँटॅक्ट क्लीनरने पुसा. खरखरीत पॉलिश पेपरने मुलामा जातो. प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, तर साफसफाईत वेळ घालवू नका. जुन्या बटणावरचा पार्ट नंबर जुळवूनच दुसरं घ्या.