रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नये

कोलेस्टेरॉल आणि चरबी पाण्यात विरघळत नाहीत, आणि रक्तात तर पाणीच जास्त. म्हणून शरीर त्यांना प्रथिनांसोबत बांधून बारीक कणांच्या रूपात फिरवते. हे कण म्हणजे लिपोप्रोटीन. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांत भरून निघते. यकृतात तयार झालेली चरबी व्हीएलडीएल कणांतून जाते. स्नायू आणि मेदपेशी वाटेत त्यातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी काढून घेतात. शेवटी उरतो तो कोलेस्टेरॉलने भरलेला लहान कण, एलडीएल.

खरा प्रश्न या एलडीएलचा. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर त्याला पकडून आत घेतात. हा शोध लावणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. रिसेप्टर कमी पडले की कण रक्तात रेंगाळतात, धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात आणि तिथे वर्षानुवर्षे थर साचत जातो. तो दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. एचडीएल नावाचे दुसरे कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. पण एचडीएल चांगले आहे म्हणून वाढलेल्या एलडीएलकडे काणाडोळा करणे धोक्याचे.

स्टॅटिनची गोळी यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. तुटवडा भासला की यकृत जास्त रिसेप्टर तयार करून रक्तातले एलडीएल ओढून घेते आणि रिपोर्टमधला आकडा उतरतो. नेमके इथेच अनेक रुग्ण फसतात. आकडा नॉर्मल दिसला की गोळी परस्पर बंद होते, आणि काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा जिथल्या तिथे. आकडा उतरला होता तो गोळी चालू होती म्हणून. गोळीने अंग दुखू लागले तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. गर्भधारणेचा विचार असेल तर तेही आधी सांगावे.

रिपोर्टही नीट वाचावा. बऱ्याचदा एलडीएल मोजलेले नसते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चुकते. अशा वेळी थेट मोजणी मागावी.

काही घरांत रिसेप्टरमधला दोषच आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि एलडीएल लहानपणापासून वाढलेले असते. अशा एकाचे निदान झाले की भावंडे आणि मुलांचीही तपासणी करावी, कारण प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते.